नावेच्या पोटातली टिकटिक

इंजिन तिसऱ्यांदा खोकलं आणि गप्प झालं.

काकाने किल्ली पुन्हा फिरवली. या खेपेला खोकलाही नाही. नुसता एक ‘टक्’, आणि मग पाण्याचा आवाज.

“बॅटरी मेली,” भोंगा म्हणाला. भोंगा हा काकाचा मुलगा. त्याचा आवाज इतका मोठा होता की नावेला वेगळा भोंगा लावायची गरज नाही, असं घरात सगळे म्हणत. एरवी तो असं काही बोलला असता तर कोणीतरी हसलं असतं. आत्ता कोणी हसलं नाही.

नाव वाहत होती. भरती लागली होती आणि ती नावेला समुद्राकडून नदीच्या मुखाकडे ओढत होती. मुखाशी पाण्याखाली वाळूचा दांडा होता आणि त्याच्यावर लाटा फुटत होत्या. धक्क्यावरून पाहिलं की ती पांढरी रेघ छान दिसायची. इथून ती रेघ उरली नव्हती. तिला उंची होती, आवाज होता, आणि ती जवळ येत होती.

सुकाण्याशेजारी काकाचं नवंकोरं यंत्र होतं. पाण्याची खोली दाखवणारं, हातभर रुंद पडद्याचं. सकाळपासून त्याच्यावर रंगीत पट्टे सरकत होते. शेवटच्या ‘टक्’बरोबर तो पडदाही काळा झाला. आता खाली किती पाणी आहे, हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

“आम्ही काय करू?” ताईने विचारलं. ती मुलांत सगळ्यात मोठी. सुट्टीसाठी धाकट्या बहिणीला घेऊन आजोबांकडे आली होती. धाकटीला सगळे शेपूट म्हणत, कारण ती ताईच्या कपड्याचं टोक धरल्याशिवाय कुठे जात नसे. आत्ता तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं.

“बसून राहा,” काका म्हणाला.

ते बसून राहिले. लाइफ जॅकेटचे बंद आधीच घट्ट होते, ते पुन्हा घट्ट केले. त्यानंतर करण्यासारखं काहीच नव्हतं.

आजोबा मात्र उठले. त्यांनी नाळेतल्या, नावेच्या पुढच्या टोकातल्या, खणातून शिशाचं वजन बांधलेली जुनी दोरी काढली. यंत्र यायच्या आधी तीच पाणी मोजायची. त्यांनी वजन पाण्यात सोडलं, ते तळाला टेकल्यावर दोरी वर ओढली आणि दोन्ही हात पसरून ती मापली. एक वाव, दोन वाव, असं करत सहा.

“नांगराची दोरी पुरायची नाही,” ते म्हणाले. पांढऱ्या लाटा आणखी जवळ आल्या. त्यांनी पुन्हा वजन सोडलं. “पाच. अजून नाही.” शेपटाने डोळे मिटून घेतले. “चार. टाक.”

काकाने नांगर टाकला. दोरी ताणली, नाव गर्रकन फिरली आणि थांबली. लाटा इतक्या जवळ फुटत होत्या की तुषार मुलांच्या तोंडावर येत होते.

मग भोंग्याचा उपयोग झाला. बर्फ वाहून नेणारी मोठी नाव लांबून चालली होती. भोंगा उभा राहून ओरडला. पहिल्यांदा कोणी वळून पाहिलं नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्याचा आवाज फाटला आणि ती नाव वळली.

परत येताना काका एक शब्द बोलला नाही. दोरीने ओढलं जाणं कोणाही नाववाल्याला आवडत नाही, असं भोंगा कुजबुजला. पण कारण तेवढंच नव्हतं. धक्क्याला लागल्यावर तिन्ही मुलं वर चढून उभी राहिली, तेव्हा काकाने त्यांना एकेक करून पाहिलं, जणू मोजत होता. मग तो आजोबांकडे वळला.

“बाबा, काल पुन्हा दिवा राहिला.”

“मी बंद केला होता,” आजोबा म्हणाले.

“मग बॅटरी काय माशांनी प्यायली? या आठवड्यात रोज हेच. आज सकाळी शेजाऱ्याच्या बॅटरीला तारा जोडून इंजिन चालू केलं, तरी मी बोललो नाही. पण आज पोरं होती नावेत.”

आजोबांनी आपल्या हातांकडे पाहिलं. “बंद केला होता,” ते परत म्हणाले, पण आता त्या वाक्याला जोर नव्हता.

नाव बंद करायची पद्धत अशी होती. संध्याकाळी नाव लागली की काका मासळी घेऊन वर जायचा आणि नाव बंद करायचं काम आजोबांचं. टपाखालचा दिवा घालवायचा, पाणी उपसायचा पंप बंद करायचा आणि शेवटी मुख्य किल्ली फिरवून काढून घ्यायची. किल्ली फिरली की बॅटरीतून नावेत कुठेच वीज जात नाही. मग किल्ली घरी आणून दाराशेजारच्या खिळ्याला लावायची. आजोबा हे करत आले होते तेव्हापासून नावा दोनदा बदलल्या होत्या, खिळा तोच होता.

बॅटरी उतरायला लागली ती मात्र याच आठवड्यात.

“याच आठवड्यात आणखी एक गोष्ट आली,” ताई संध्याकाळी अंगणात म्हणाली. “मशीन.”

यंत्र आणायला तिघंही काकाबरोबर दुकानात गेली होती. दांडा दरवर्षी जागा बदलतो आणि रोज दोरी टाकून टाकून आजोबांचे खांदे दुखतात, म्हणून ते घ्यायचं ठरलं होतं. दुकानदाराने काकापुढे दोन यंत्रं ठेवली. एक लहान, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं. ते फक्त खोली आणि तळ दाखवायचं आणि वीज अगदी थोडी खायचं. दुसरं मोठं, रंगीत. दुकानदाराने विचारलं होतं, नाव केवढी, पाणी किती खोल, बॅटरी कोणती. काकाची उत्तरं तोंडातून येत होती, डोळे रंगीत पडद्यावर होते. ताईने मध्येच विचारलं होतं की मोठं यंत्र किती वीज खातं. दुकानदार म्हणाला, प्रश्न बरोबर आहे. मोठं घ्यायचं तर त्याला वेगळी लहान बॅटरी द्या, इंजिनाच्या बॅटरीवर टाकू नका. काका म्हणाला, “बघू.” घरातला ‘बघू’ म्हणजे काय, हे मुलांना ठाऊक होतं. दुकानदार बटणं समजावून सांगत होता तेव्हा काका खोक्याला दोरी बांधत होता.

“पण मशीन पप्पा स्वतः बंद करतात,” भोंगा म्हणाला. “वर टोपणही घालतात. आपल्याला तर बोट लावायची बंदी.”

“आणि आजोबांनी किल्ली काढली की सगळंच बंद होतं,” ताई म्हणाली. “मग उरलं काय?”

उरलं काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कोणी म्हणत नव्हतं. मागच्या महिन्यात आजोबांनी चष्मा घरभर शोधला होता आणि तो त्यांच्याच कपाळावर होता. एकदा त्यांनी काकूच्या चहात मीठ घातलं होतं. काकूने तो चहा हसत ओतून दिला होता. आता ती हसत नव्हती. जेवताना ती आजोबांच्या ताटाकडे पाहायची आणि ते पुन्हा भात मागत आहेत की पहिल्यांदाच, याचा विचार करायची.

आजोबांनी स्वतःच्या बोटाला दोरा बांधून घेतला. संध्याकाळी धक्क्यावरून येताना ते वळणापर्यंत यायचे, थांबायचे आणि परत जाऊन सगळं बंद आहे ना ते बघून यायचे. कधी कधी दोनदा.

बॅटरी वायरमनच्या दुकानात चार्ज होऊन आली. शनिवारी काका आणि आजोबा दोघंच समुद्रावर गेले. मुलांना नावेत न्यायचं नाही, असं काकाने सांगून टाकलं होतं. संध्याकाळी आजोबांनी तिघांना हाक मारली. “माझ्याबरोबर चला. मी करतो ते नीट बघा.” त्यांना हसू आणायचं होतं, ते आलं नाही. “साक्षीदार हवेत मला.”

काका मासळीची टोपली घेऊन वर गेला होता. आजोबांनी दिवा घालवला. दिव्याचं बटण जुनं, दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. संध्याकाळच्या उन्हात नुसतं बघून काही कळायचं नाही. म्हणून ताईने थोडं थांबून बल्बला हात लावून पाहिला, तो गार झाला होता. पंप बंद. किल्ली फिरवली, काढली, शेपटाच्या मुठीत दिली. शेपटाने ती घरापर्यंत मुठीतच ठेवली आणि भोंग्याच्या खांद्यावर चढून स्वतः खिळ्याला अडकवली. वळणावर आजोबा थांबले, तेव्हा भोंगा म्हणाला, “आजोबा, परत जायचं नाही. आम्ही तिघं आहोत.” ते थांबले आणि मग पुढे चालले.

रविवारी समुद्राला सुट्टी. तरी काका सकाळी नाव बघायला गेला. तो परत आला तेव्हा दारातच मुलांना कळलं.

“टक्,” तो म्हणाला. “बस, टक्.”

तिघं एकदम बोलायला लागली. दिवा बंद होता, बल्ब हाताला गार होता, किल्ली मुठीत होती. काकाने सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नाही, हे जास्त वाईट होतं.

“आजोबांसाठी खोटं बोलताय,” तो म्हणाला. “मन चांगलं आहे तुमचं. पण यात त्यांचं भलं नाही रे.”

“खोटं नाही,” ताईचा आवाज चढला. “आम्ही पाहिलं.”

आजोबा खुर्चीत बसले होते. ते हळूच म्हणाले, “पोरांनो, माझ्यासाठी खोटं बोलू नका.”

चिडलेल्या माणसाशी भांडता येतं. पण ज्याची बाजू घ्यायची, त्यानेच आपल्याला खोटं ठरवलं तर बोलायचं कोणाशी?

ताईने एक शेवटचा प्रयत्न केला. तिने खिळ्यावरची किल्ली काढून आणली. मुख्य किल्ली बंद केल्याशिवाय भोकातून निघतच नाही, हे तिला माहीत होतं. म्हणजे किल्ली घरी आली, याचा अर्थच वीज बंद होती. तिने हे काकाला सांगितलं. काका उठला आणि तिला धक्क्यावर घेऊन गेला. किल्ली भोकात घातली, ‘चालू’वर फिरवली आणि दोन बोटांनी अलगद ओढली. ती निघून हातात आली.

“झिजलीय,” काका म्हणाला. “तुझ्या वयाएवढी जुनी आहे ती.”

घरी आल्यावर त्याने काकूला सांगितलं, आणि आवाज खाली ठेवला तरी सगळ्यांना ऐकू गेलं. उद्यापासून नावेवर दुसरा माणूस येईल. बाबा घरी राहतील. ते आता समुद्रावर जाणार नाहीत.

आजोबा “बरं” म्हणाले. भोंगा नंतर म्हणाला की ते ओरडले असते तरी परवडलं असतं.

दुपारपर्यंत वायरमनने धक्क्यावरच चार्जर आणून बॅटरी चार्ज केली. काकाने आणि त्याने मिळून ती जोडली. काकाने इंजिन चालू करून पाहिलं, मग यंत्र लावलं, वायरमनला रंगीत पट्टे दाखवले, बटण दाबून पडदा घालवला, वर टोपण बसवलं. मुख्य किल्ली फिरवून काढली आणि खिशात घातली. चार्जर न्यायला संध्याकाळी येतो, असं सांगून वायरमन गेला.

“आता नाव बंद आहे,” ताई म्हणाली. “आजोबा इकडे फिरकलेही नाहीत. आपण इथेच बसू. कोणीतरी येऊन वीज चोरत असेल तर दिसेल.”

“कोण येणार?” भोंग्याने विचारलं.

“मला काय माहीत? पण घरात बसून करू काय?”

ते नावेत टपाखाली बसले. ऊन चढलं. धक्क्यावर एक मांजर येऊन गेलं. जाळी शिवणारे दोघं सावलीला झोपले. चोर आला नाही. भोंग्याने सुरुवातीला प्रत्येक माणसावर संशय घेतला, मग मांजरावर, मग तोही कंटाळला. शेपूट तळाच्या फळ्यांवर आडवी झाली आणि तिने फळीला गाल टेकवला.

“ताई,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “नावेच्या पोटात कोणीतरी आहे.”

“झोप.”

“खरंच. नखाने वाजवतंय. टिक, टिक, टिक.”

“खेकडा असेल,” भोंगा म्हणाला. “किंवा तुझं डोकं. पोकळ वस्तू वाजते.”

शेपटाने नुसतं फळीकडे बोट दाखवलं आणि भोंग्याकडे अशी पाहत राहिली की शेवटी त्याला खाली वाकावंच लागलं. त्याने कान टेकवला. त्याच्या चेहऱ्यावरची मजा निघून गेली.

“खेकडा इतका शिस्तीचा नसतो,” तो म्हणाला.

ताईनेही ऐकलं. बारीक, कोरडा आवाज. टिक, टिक, टिक, घड्याळासारखा एकसारखा. पाणी असं वाजत नाही. ते तिघं फळीफळीला कान लावत सरकू लागले. नाळेकडे आवाज बारीक होत गेला. मागे सुकाण्याकडे मोठा. अगदी मागे, जिथे यंत्राचा पाण्यात बुडालेला डोळा नावेच्या पाठीला बसवला होता, तिथे तो सगळ्यात मोठा होता. यंत्र त्या डोळ्यातून तळाकडे आवाज पाठवतं आणि परत आलेला ऐकून खोली सांगतं, हे दुकानदाराने सांगितलं होतं.

“पण ते तर बंद आहे,” भोंगा म्हणाला. “किल्ली पप्पांच्या खिशात आहे.”

ताईने डोळ्यापासून निघालेल्या तारेवरून बोट वर नेत पाहिलं. तार टोपणाखाली शिरत होती. टोपण उचललं. पडदा काळाकुट्ट. उन्हात त्याच्यात तिघांचे चेहरे दिसत होते, बाकी काही नाही.

“टॉवेल दे,” ती म्हणाली.

तिने टॉवेल आपल्या डोक्यावरून आणि यंत्रावरून ओढून घेतला, जसा जुना फोटो काढणारा घ्यायचा. आत अंधार झाला. ती बराच वेळ आत राहिली. मग तिचा आवाज आला, टॉवेलमधून दबलेला.

“पट्टे सरकतायत. अगदी पुसट. खोलीचा आकडाही आहे.”

भोंग्यानेही आत डोकं घालून पाहिलं आणि बाहेर येताच यंत्राच्या बटणाकडे हात नेला. ताईने तो मनगटाला धरून थांबवला.

“हात लावू नकोस. आपण हात लावला की काका म्हणणार, तुम्हीच चालू केलंत. सकाळी आपलं खरं कोणी ऐकलं का? आता आपण काही सांगायचंच नाही.”

“मग?”

“सगळं त्यांच्याच हातून होऊ दे.”

यंत्राच्या तारा कुठे जातात, तेही त्यांनी पाहून घेतलं. तार टपाखालून बॅटरीच्या पेटीत जात होती. मुख्य किल्लीकडे ती वळलीच नव्हती.

संध्याकाळी वायरमन चार्जर न्यायला आला तेव्हा धक्क्यावर काका होता आणि आजोबाही होते. आजोबांना शेपूट हात धरून घेऊन आली होती. शेवटचं एकदा नावेत बसू या, असं ती म्हणाली होती. काका ते ऐकून दुसरीकडे बघायला लागला होता.

ताई साळसूदपणे म्हणाली, “काका, आता आम्हाला नावेत यायला मिळणार नाही. मशीन एकदा दाखवा ना, नीट. कसं लावतात, कसं बंद करतात.”

भोंगा म्हणाला, “पप्पा, वर्गात सांगायला होईल. इतकं मोठं मशीन कोणाच्याच वडलांकडे नाही.”

काका विरघळला. एवढं मोठं यंत्र घ्यावं आणि घरात कोणी त्याबद्दल विचारू नये, हे त्याला आठवडाभर बोचत होतं. त्याने टोपण काढलं, बटण दाबलं. पडदा उजळला, पट्टे दिसू लागले. त्याने तळ दाखवला, वाळू कशी दिसते ते दाखवलं, एक ठिपका मासा आहे असं ठासून सांगितलं.

“आणि बंद?”

“हे बघ. तेच बटण.” त्याने बटण दाबलं, पडदा मंद झाला. पुन्हा दाबलं, आणखी मंद. आणखी एकदा, आणि तो काळा झाला. “संपलं. झोपला राजा.”

“नक्की?” शेपटाने विचारलं.

“नक्की म्हणजे? तुझ्या डोळ्यांसमोर केलं.” त्याने टोपण लावलं.

“मुख्य किल्ली?”

काकाने ती खिशातून काढून दाखवली. “दुपारपासून माझ्याकडे आहे. नावेत आता कसलीच वीज नाही.”

आणि इथे तो थांबला. किल्ली दुपारपासून त्याच्या खिशात होती, आणि यंत्र तर आत्ता, या क्षणी, त्याच्या बोटाने उजळलं होतं. त्याने किल्लीकडे पाहिलं, मग टोपणाकडे.

“काका,” ताई म्हणाली, “इथे खाली कान लावा.”

काका मोठा माणूस होता, अंगानेही. तो गुडघ्यावर बसला, मग कोपरांवर, मग त्याने फळीला कान लावला. धक्क्यावरचे जाळीवाले उठून बघायला लागले. बराच वेळ तो तसाच राहिला. उठल्यावर त्याने काही विचारण्याआधीच शेपटाने त्याला टॉवेल दिला.

टॉवेलखाली तो आणखी जास्त वेळ होता. बाहेरून फक्त त्याची पाठ दिसत होती. ती आधी हलत होती, मग हलायची थांबली.

“बटण दाबून धरायचं असतं, भाऊ,” वायरमन वरून म्हणाला. त्याला एव्हाना सगळं लक्षात आलं होतं. “थोडं थोडं दाबलं तर फक्त उजेड कमी होतो. बंद नाही होत.”

काका टॉवेलमधून बाहेर आला. “पण किल्ली? किल्लीने सगळं बंद व्हायला पाहिजे.”

वायरमनने मान खाजवली. सुरुवातीला त्याने यंत्र किल्लीवरूनच जोडलं होतं. पण त्याच तारेवरून इंजिनाचा स्टार्टर चालायचा. त्याने जोर घेतला की पडदा जायचा आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. काका वैतागला होता, तेव्हा वायरमनने तार थेट बॅटरीला नेली. यात चूक काहीच नव्हती, असं त्याचं म्हणणं होतं. यंत्राला बंद करायचं बटण होतंच. काकाला वाटलं, किल्ली आहेच. वायरमनला वाटलं, बटण आहेच. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. आणि मधल्या मध्ये ते यंत्र आठवडाभर, दिवसरात्र, धक्क्याला बांधलेल्या नावेखालचं तेच पाणी मोजत राहिलं.

काका आजोबांकडे बघत होता. आजोबा फळीवर बसून बोटावरचा दोरा सोडवत होते. गाठ घट्ट बसली होती.

“बाबा,” काका म्हणाला.

“ताई,” आजोबा म्हणाले, “ही गाठ सोड ग. मला दिसत नाही.” त्यांचा चष्मा कपाळावर होता. ताईने तो खाली त्यांच्या नाकावर ओढला. आजोबा हसले, त्या आठवड्यात पहिल्यांदा. “विसरतो मी,” ते म्हणाले. “चष्मा विसरतो, मीठ-साखर विसरतो. पण नाव बंद करायला विसरलो नव्हतो. आणि तुम्ही तेच सांगत होतात, तर मीच तुम्हाला खोटं ठरवलं. हे मात्र मी विसरणार नाही.”

काकाने तिन्ही मुलांना जवळ ओढलं. तो बोलायला फार चांगला नव्हता. त्याने एवढंच म्हटलं की त्या दिवशी दांड्याजवळ तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाला कोणीतरी दोषी लागतो. मग तो भोंग्याला म्हणाला, “सांग वर्गात. सगळं सांग. टॉवेलसुद्धा.”

वायरमन म्हणाला की त्याच्या हाताखाली काम करणारी माणसंही तार कुठून कुठे जाते हे इतकं नीट बघत नाहीत. काकू घरी म्हणाली की यापुढे या घरात मुलं काही सांगत असली तर आधी बसून ऐकायचं, मग बोलायचं. तिने ते काकाकडे बघून म्हटलं. येणाऱ्या माणसाला निरोप गेला की उद्या यायची गरज नाही.

सोमवारी नाव उशिरा सुटली, कारण आधी ताईने आठवण करून दिलेलं दुकानदाराचं म्हणणं पुरं करायचं होतं. यंत्राला स्वतःची लहान बॅटरी मिळाली, नाळेतल्या कोरड्या खणात, घट्ट पट्ट्याने बांधलेली. तिच्या तारेत एक फ्यूज आणि एक साधं बटण, वर केलं की चालू, खाली केलं की बंद, आंधळ्यालाही कळेल असं. झिजलेल्या मुख्य किल्लीच्या जागी नवी आली. इंजिनाची बॅटरी आता फक्त इंजिनाची. काकाने किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात बोललं. शिशाची दोरी यंत्राशेजारीच टांगली होती. दांड्याजवळ आल्यावर आजोबांनी ती एकदा टाकली, वाव मोजले, पडद्यावरचा आकडा पाहिला आणि मान डोलावली.

संध्याकाळी आजोबांनी नाव बंद केली आणि सगळे घराकडे निघाले. वळण आलं. आजोबा थांबले.

मुलंही थांबली. ताईने भोंग्याचा हात दाबला. आजोबा खाली वाकले, चपलेत अडकलेला खडा काढून फेकला आणि पुढे चालू लागले.

चार पावलांवर त्यांनी मागे न बघता विचारलं, “काय रे, तुझं मशीन बंद केलंस ना?”

“केलं की,” काका म्हणाला. तो आणखी थोडा चालला. मग त्याचा वेग कमी झाला. त्याने एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा धक्क्याकडे, आणि टोपली भोंग्याच्या हातात देऊन तो गुपचूप मागे वळला.